पुढच्या चाकाचे काकाजी

पहिल्या दिवशी काकाजींनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मी हँगरमध्ये पाऊल टाकलं तेव्हा दोन पोट्टे एका छोट्या विमानाची शेपटी खाली दाबून उभे होते. नाक वर गेलेलं, पुढचं चाक जमिनीपासून सुटून अधांतरी. त्या चाकापाशी उकिडवा बसलेला, कपाळावर गंध लावलेला एक माणूस माझ्याकडे बघून ओरडला, "घड्याळ काढ! अंगठी काढ! इकडं ये!"

मी गेले. काय करणार? त्यांनी माझे दोन्ही हात धरून चाकावर ठेवले आणि डोळे मिटायला लावले.

"हालव. डावीकडं, उजवीकडं. हाताले काय लागलं?"

"ठीक आहे, सर."

"ठीक? ठीक काय असते वं? मी काय तुही तब्येत विचारली का?"

मी गारच पडले. मूर्तिजापूरच्या हेडमास्तरांची मुलगी मी. माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं आतापर्यंत. पायलट व्हायला आले होते, आणि इथे पहिल्याच तासाला एक म्हातारा मला ग्रीसने माखलेलं चाक हलवायला लावून वर खेकसत होता.

ही आमची विमानं शिकवणारी शाळा अमरावतीच्या बाहेर होती. चार विमानं, सगळी एका इंजिनाची. आता ती शाळा नाही. काकाजी तिथले मुख्य इंजिनिअर. त्यांची सही झाल्याशिवाय एकही विमान जागचं हलायचं नाही, आणि तुम्ही चाक हलवून उत्तर दिल्याशिवाय त्यांची सही व्हायची नाही. उत्तरासाठी त्यांच्याकडे चारच शब्द चालायचे: जड, हलकं, खटक आणि गुळगुळीत.

पुढच्या चाकाच्या दांड्याला तेल भरलेली एक छोटी नळी असते. तिला डॅम्पर म्हणतात. चाकाला थरथर सुटली की ही नळी ती गिळून टाकते. नळी भरलेली असली की चाक वळवताना हाताला जड लागतं. तेल गळून गेलं असलं की हलकं. चाकाला वर दांड्याशी जोडणारी कातरीसारखी दोन पाती असतात, त्यांच्या सांध्यातली बुशं, म्हणजे धातूच्या छोट्या कड्या, झिजल्या की चाक आधी थोडं मोकळंच हलतं आणि खटकन अडतं. ती खटक. आणि चाक फिरवल्यावर बेअरिंग कुरकुरलं नाही तर गुळगुळीत. बास. एवढंच आमचं व्याकरण. "जड अन् गुळगुळीत" म्हटलं की सही मिळायची. पोट्ट्यांनी ते पाठच करून टाकलं होतं.

कधी डोळ्याने बघून कोणी सांगायला गेलं की काकाजी भडकायचे. "डोळ्याले दिसेपर्यंत उशीर झालेला असते, भैताडा! हातानं सांग."

हे चार शब्द ते माणसांनाही लावायचे. ऑफिसातल्या एका मुलीचं लग्न ठरलं, पोरगा हँगर बघायला आला. तो गेल्यावर तिने लाजत विचारलं, कसा वाटला? काकाजी स्क्रू पिळता पिळता म्हणाले, "माणूस जड हाय. पन मायच्या नावानं खटकते." लग्नानंतर तीन महिन्यांनी ती मुलगी माहेरी येऊन रडली, ते सासूवरूनच. आम्ही सगळे थक्क.

काकाजींचं घराणं भिक्षुकाचं. वडील, काका, दोन्ही भाऊ, सगळे पूजा सांगणारे. हेच एकटे यंत्रात शिरले. पण बोलणं मात्र सुटलं नव्हतं. धावपट्टीवर वेगात असताना पुढचं चाक डावी-उजवीकडे फडफडायला लागतं, त्याला आम्ही पुस्तकातला शब्द वापरायचो, शिमी. काकाजी म्हणायचे, "चाकाच्या अंगात आलं." आणि अंगात आलं की काय करायचं? "ब्रेकवर उभं नाही राह्यचं. अंगात आलेल्या मानसाले कोनी दाबून धरते का? इंजिनची ताकद काढून घ्या, हातातला दांडा पोटाशी वढा, नाक वर घ्या. चाकावरचा भार उचला, ते आपोआप शांत होते."

हे समजावून सांगायला ते आम्हाला एकदा अमरावतीच्या मॉलमध्ये घेऊन गेले. खरं सांगते, मॉलमध्ये! सहा पोट्टे-पोट्ट्या आणि गंध लावलेले काकाजी. एक रिकामी ट्रॉली घेतली आणि साबणांच्या कपाटांमधून धावत सुटले. वेग वाढला तसं ट्रॉलीचं पुढचं चाक फडफडायला लागलं, सगळी ट्रॉली कडकड हादरायला लागली. बाया लेकरांना ओढून बाजूला होत होत्या. "पाहा! अंगात आलं! पाहा!" काकाजी ओरडत होते. मग त्यांनी दांडा खाली दाबला, पुढची चाकं उचलली गेली, एका क्षणात सगळं शांत. "पाहलं? नाक उचललं, की झालं!" तेवढ्यात गार्डने त्यांचा दंड धरला. आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. मी शरमेने मेले होते. पण आजही उतरताना दांडा पोटाशी ओढताना मला तो साबणाचा वास येतो, काय करू?

आणि ती खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हँगरमध्ये अवजारांची, विमानांची पूजा व्हायची. सोवळं नेसून पूजा काकाजीच सांगायचे, आवाज असा की ऐकत राहावं. त्या वर्षी मंत्र म्हणता म्हणता त्यांची नजर एका विमानाकडे गेली आणि मंत्र तुटला. ऑफिसातल्या एका उत्साही माणसाने त्याच्या पुढच्या चाकाच्या दांड्यावर, जिथे दांड्यातली चकचकीत नळी आतबाहेर सरकते तिथेच, तेल लावून कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. वर अक्षता चिकटवल्या आणि लाल नाडा गुंडाळला. काकाजी पाटावरून उठले, अंगावरचं उपरणं ओढलं आणि त्याच उपरण्याने कुंकू खसाखसा पुसायला लागले.

"अवो, अपशकुन होते!" कोणीतरी म्हणालं.

"कुकवाचा कण रबरी सीलमदी गेला की सील कापते! मग पाहा शकुन!" ते पुसतच राहिले. "देव वर हाय, नळीवर नाही!"

भिक्षुकाच्या मुलाने भर पूजेत कुंकू पुसलं, तेही सोवळ्यात. मग ते परत पाटावर बसले आणि जिथे मंत्र सोडला होता तिथूनच पुढे म्हणायला लागले.

चहा ते उकळता प्यायचे. स्टीलच्या पेल्यात, कपडा न धरता, पातेल्यातून थेट. आमची बोटं पोळायची, ते पेला मुठीत धरून गप्पा मारत राहायचे. नवीन आलेल्या पोट्ट्यांना आम्ही मुद्दाम ते दाखवायचो. काकाजींचा हात लोखंडाचा आहे, असं मोठ्या अभिमानाने सांगायचो.

आता माझ्यावर येते. टाळून चालणार नाही.

माझं एकटीचं अमरावती ते अकोला उड्डाण ठरलं. बाबांनी मूर्तिजापुरात सगळ्यांना सांगून टाकलं. सकाळी फोन, "आम्ही निघालो. दोन जीपा भरल्या बाई. तुझी मावशी, शेजारचे, शाळेतले मास्तर, सगळे अकोल्याला कुंपणापाशी उभे राहणार." मी म्हटलं, बाप्पा! आता झालं.

हँगरमध्ये शेपटी दाबली गेली, काकाजी बाजूला उकिडवे बसले. मी घड्याळ काढलं, डोळे मिटले आणि चाक धरलं.

खटक.

बारीक, पण खटक. आणि त्यानंतर जड. मी पुन्हा हलवलं. खटक, मग जड. मला लख्ख कळलं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? काकाजींनी पाती काढली असती, बुशं बदलली असती, दिवस गेला असता. दोन जीपा कुंपणाशी ताटकळून परत गेल्या असत्या. मावशी म्हणाली असती, पोरीला जमलं नाही वाटते.

"हाताले काय लागलं?"

"जड, काकाजी. जड अन् गुळगुळीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. एवढं झालं.

वाटेत मूर्तिजापूर खाली दिसलं, शाळेचं पटांगण ओळखलं, मी वेड्यासारखी एकटीच हसले. अकोल्याला धावपट्टी दिसली, कुंपणाशी रंगीत गर्दी दिसली आणि माझं डोकं फिरलं. वेग थोडा जास्तच ठेवला मी, आणि मागची चाकं टेकल्याबरोबर नाकही लवकर खाली सोडलं. लगेच सुरू झालं. पायातले पेडल तळव्यांवर बडवायला लागले, समोरची घड्याळं दिसेनाशी झाली, दात एकमेकांवर आपटायला लागले. मी दांडा पोटाशी ओढला. शांत झालं. खरंच झालं! पण वेग उतरत गेला तसं नाक पुन्हा खाली आलं, पुन्हा फडफड, आणि मग कडाड करून पुढचं चाक मोडलं. नाक जमिनीवर आदळलं, पंखा सिमेंटवर आपटून वाकला, पट्ट्याने छाती दाबली, ओठ फाटला.

मग शांतता. आणि त्या शांततेत मला कुंपणाकडून टाळ्या ऐकू आल्या. आमच्या लोकांनी विमान उतरताना कधी पाहिलं नव्हतं. त्यातल्या काहींना वाटलं, ते असंच थांबतं. बाबा मात्र धावत आले, चप्पल कुठेतरी सुटलेली. माझा जीव वाचला होता आणि मी टाळ्या ऐकत रक्त गिळत होते.

चौकशीला दोन अधिकारी आले. मोडलेली पाती तपासली, ती इतकी चुरली होती की बुशांचं काही सांगता येईना. पण डॅम्पर कोरडा सापडला. आतली एक रबरी रिंग कापलेली. तो डॅम्पर दहाच दिवसांपूर्वी काकाजींनी स्वतः उघडून, रिंगा बदलून, तेल भरून बसवला होता.

मला विचारलं, "उड्डाणाआधी चाक हलवून पाहिलं?"

"हो. जड होतं."

"आणखी काही जाणवलं?"

"नाही."

दुसऱ्यांदा खोटं बोलायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागला.

मग चहा आला. धाकट्या अधिकाऱ्याने पेला उचलला आणि 'हाय' करून टेबलावर ठेवला. काकाजींनी आपला उचलला आणि प्यायला लागले. तो अधिकारी त्यांच्या हाताकडे बघत राहिला. "हात दाखवा बरं," तो म्हणाला. तळव्यावर भाजल्याचा फोड होता, टच्च फुगलेला. काकाजींनी तो असा पाहिला, जणू पहिल्यांदाच पाहत होते.

"डोळे मिटा." अधिकाऱ्याने पेनाचं टोक एकेका बोटाला टोचलं. एक, दोन, तीन. "सांगा, कुठल्या बोटाला टोचलं?"

काकाजी डोळे मिटून थांबले होते. "अजून टोचलं कुठी, साहेब?"

हँगरमध्ये आम्ही वीस माणसं असू.

"किती दिवस झाले?"

"तीन वर्षं होऊन राहिले. शुगर हाय मले."

"मग रोज चाक कसं तपासता तुम्ही?"

काकाजींनी डोळे उघडले आणि आमच्याकडे, पोरापोरींकडे पाहिलं. "यायचे हात हायेत ना," ते म्हणाले.

रोज सकाळी ते आम्हाला विचारायचे, हाताले काय लागलं? आम्हाला वाटायचं, शिकवतात. शिकवत नव्हते, खरंच विचारत होते! त्यांना माहीतच नसायचं. त्या सकाळी त्या चाकावर एकच हात होता, आणि तो माझा होता.

काकाजींना मी देव करणार नाही. चुकलं त्यांचं, सरळ चुकलं. मालकाला सांगायला हवं होतं, रोज मोजपट्टी लावायला हवी होती, दुसरा इंजिनिअर मागायला हवा होता. पोट्ट्यांच्या जिवावर तीन वर्षं सह्या केल्या, हा काय खेळ आहे? त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला, इतका, की त्या रागाखाली माझं स्वतःचं पाप मला छान झाकून ठेवता आलं.

अहवालात लिहून आलं की डॅम्पर जोडताना रिंग कापली गेली असावी, तेल गळालं असावं, त्यामुळे चाकाला थरथर सुटली. काकाजींचं लायसन्स गेलं. ते एका शब्दानेही भांडले नाहीत. अमरावतीची खोली सोडली आणि अकोल्याला भावाच्या शेजारी राहायला गेले. मी शिकले, पास झाले, आता दुसरीकडे शिकवते.

चार वर्षं गेली. या हिवाळ्यात माझ्या एका विद्यार्थिनीला मी विचारलं, काय लागलं हाताला? ती म्हणाली, "काही नाही, मॅडम." उत्तर फार लवकर आलं. मी तिला बाजूला करून स्वतः चाक धरलं. खटक होती. मी वर पाहिलं आणि तिचा चेहरा पाहिला. मी तिला रागावलेही नाही. त्याच रविवारी अकोल्याची बस धरली.

काकाजींच्या घराचं दार काकूंनी उघडलं. मला बघून हरखल्या. "ये वं बाई, ये. कोनी येतच नाही यायच्याकडं." आत नेता नेता हळू आवाजात बोलत राहिल्या. आंघोळीचं पाणी त्याच आधी हात घालून बघतात. तेव्हापासून ह्यांनी एकाही अवजाराला हात लावलेला नाही. "कुकरची रिंग बी बसवत नाहीत. म्हनतात, माह्या हातानं नको."

काकाजी खिडकीपाशी बसले होते. वाळले होते. कपाळावर गंध होतं. मी पाया पडले आणि उठायच्या आतच बोलून टाकलं, नाहीतर बोललेच नसते.

"काकाजी, त्या दिवशी मला खटक लागली होती. मी सांगितली नाही. बाबा यायचे होते अकोल्याला, म्हणून."

मी वाट पाहत होते. शिव्या, थप्पड, काहीही. त्यांनी मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण ते खुर्चीत पुढे सरकले.

"खटक? किती?"

"बारीक. नखाएवढी."

"अन् खटकीनंतर?" त्यांचा आवाज चिरकला. "नीट आठव. खटकीनंतर हलकं लागलं, का जड? तू जड म्हनाली होती. पन ते तर सारेच म्हनत. तुले लागलं होतं, का पाठ केलेलं म्हनाली?"

"लागलं होतं. आधी खटक, मग जड. दोनदा पाहिलं मी हलवून."

"दोनदा?"

"दोनदा."

ते बघत राहिले माझ्याकडे. ओठ हलत होते, मनात काहीतरी जोडत होते. "म्हनजे डॅम्पर भरलेला होता," ते म्हणाले. "दहा दिवस झालते बसवून, अन् भरलेला होता. रिंग मी कापली असती तर दहा दिवसांत तेल गेलं असतं. हलकं लागलं असतं. नाक आपटलं तवा रिंग कापली गेली. बुश झिजलं होतं, बाई! बुश!"

चार वर्षं हा माणूस स्वतःच्या दहा बोटांकडे बघत बसला होता, की या बोटांनी रिंग चिमटली आणि पोरगी मरता मरता वाचली. आणि ते खोटं होतं, हे जगात एका माणसाला माहीत होतं. मला.

"परत सांग," काकाजी म्हणाले. मी सांगितलं. "परत." मी परत सांगितलं. ते रडत होते आणि हसतही होते, डोळे पुसायला हात नेला तर तो गालाऐवजी कानापाशी गेला. मग त्यांनी आतल्या खोलीकडे हाक मारली, "आयकलं का वं? इकडं ये! माह्या हातानं नाही झालं! पोरीले खटक लागली होती, हे पाहा, ही सांगून राहिली!"

काकू चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी काकाजींकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"अन् हे तू आज सांगून राहिली, बाई?" त्या म्हणाल्या.